बुलेटमागच्या ट्रॉलीचा हिच वाजतोय? आधी पेटी सरकवा, मग पाना उचला

प्रश्न थोडक्यात असा आहे. हर्णै बंदरातून पहाटेची मासळी घ्यायची आणि पूल ओलांडून आंजर्ल्याच्या बाजूला परतायचं. ३५० सीसी बुलेट, मागे गावातच वेल्डिंग करून घेतलेली दोन चाकांची छोटी ट्रॉली, जोडायला बॉल हिच, म्हणजे गाडीमागे लोखंडी गोळा (बॉल) आणि त्यावर बसणारा ट्रॉलीच्या दांड्याचा कप. जाताना रिकामी ट्रॉली बऱ्यापैकी गप्प असते. येताना बर्फाची पेटी चढली की हिच असा खडखडतो की वाडीतली कुत्री आधी उठतात आणि मग माणसं. जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळून बघितलं, दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी परत तेच. हा आवाज बंद कसा करायचा?

मी गुहागर तालुक्यात फॅब्रिकेशनची शेड चालवतो. गेट, ग्रील, बोटींची किरकोळ कामं आणि मधून मधून अशा ट्रॉल्या. तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: रिकामी गप्प, भरली की वाजते. एरवी याच्या उलट होतं. रिकामी ट्रॉली उडते आणि वाजते, वजन पडलं की बसते आणि गप्प होते. भरल्यावर जास्त वाजणाऱ्या ट्रॉलीत वजन चुकीच्या जागी पडलेलं असतं. उतरवायला सोपी म्हणून पेटी तुम्ही अगदी मागे, फाळक्याला टेकवून ठेवत असणार. म्हणून आधीच सांगतो, तुमचा निम्मा आवाज हिचचा नाहीच, तो पेटीचा आहे.

होतं काय ते बघा. वजन ॲक्सलच्या मागे गेलं की ट्रॉलीचा दांडा पुढून वर उचलायला बघतो. दांड्याच्या टोकाचा कपलर, म्हणजे तो कप, बॉलवर बसायच्या ऐवजी बॉलला खालून ओढत राहतो. खड्डा आला की दांडा आपटून खाली, मग परत वर. कपात आणि बॉलमध्ये अर्धा मिलिमीटर जरी जागा असली तरी ती प्रत्येक खड्ड्याला दोनदा बोलते. आणि आवाज ही त्यातली लहान कटकट. असा दांडा गाडीचं मागचं चाक हलकं करतो, ओल्या रस्त्यावर ते चटकन सरकतं. वेग थोडा वाढला की ट्रॉली शेपूट हलवायला लागते, आणि एकदा हलायला लागली की ब्रेक दाबून आवरत नाही.

दांड्यावर किती वजन आहे हे अंदाजाने ठरवू नका, मोजा. त्यासाठी वेगळं काही आणायला नको. मासळी तोलायचा स्प्रिंगचा लटकता काटा आहेच तुमच्याकडे. ट्रॉली रोजच्यासारखी भरा, सपाट जागी उभी करा, चाकांना चिरे लावा. काटा कपलरच्या तोंडाशी अडकवा आणि दांडा बॉल जितक्या उंचीवर असतो तितका उचलून धरा. काटा दाखवेल तो दांड्याचा भार. ट्रॉली आणि माल मिळून ८० किलो होत असेल, तर काट्यावर ८ ते १० किलो दिसायला हवेत, म्हणजे एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास. तुमच्या काट्यावर बहुधा दोन-तीन किलोच दिसतील, किंवा दांडा आपोआप वर जायला बघेल.

आता पेटी किती सरकवायची याचा हिशेब. कपलरपासून ॲक्सलपर्यंतचं अंतर दीड मीटर आणि पेटी ३० किलोची धरा. ती १५ सेंटिमीटर पुढे घेतली की दांड्यावर ३ किलो वाढतात (३० गुणिले १५, भागिले १५०). वीतभर सरकवलीत तरी फरक कानाला कळतो. पण हौसेने सगळा माल पुढे कोंबू नका. बॉल मागच्या चाकाच्या मागे लटकलेला असतो, तिथे २० किलो टाकलेत तर पुढचं चाक हलकं होतं आणि चढाला हँडल पाण्यावर तरंगल्यासारखं लागतं. पेटीची जागा पक्की झाली की तळाला दोन पट्ट्या मारून खाच करा, म्हणजे पहाटेच्या अंधारातही ती तिथेच बसेल.

बर्फाच्या पेटीची आणखी एक खोड आहे. बर्फ वितळून खाली पाणी साचतं, आणि चढाला ते पाणी मागे धावतं. बंदरावरून निघताना बरोबर असलेला भार अर्ध्या वाटेवर, नेमका चढावर, कमी होतो. निघायच्या आधी पाणी काढून टाका. बंदरावरच काढा, पेटीचा बूच उघडा ठेवून रस्ताभर गळवत जाऊ नका. मासळीचं पाणी वळणावर सांडलं की मागून येणारा दुचाकीवाला त्यावरून घसरतो.

एवढं केल्यावर एक फेरी मारा आणि उरलेला आवाज कसा आहे ते ऐका. खडखड गेली असेल, पण गॅस सोडला की एकदा "ठक्" आणि परत दिला की आणखी एकदा "ठक्", असं बहुतेक उरेल. ही वेगळी तक्रार आहे. गॅस सोडला की गाडी मंदावते, ट्रॉली मागून येऊन ढकलते. गॅस दिला की गाडी तिला परत ओढते. या ढकला-ओढीत पुढे-मागे जिथे जिथे मोकळीक आहे, तिथे लोखंड लोखंडावर आपटतं. त्यात बुलेटचं इंजिन एका सिलिंडरचं. वरच्या गिअरमध्ये कमी वेगाने ओढायला लावलंत की इंजिनचा प्रत्येक ठोका दांड्यापर्यंत जातो. एक गिअर खाली घेऊन बघा, बराच फरक पडेल.

हिच खोलायच्या आधी मात्र ट्रॉली सोडून नुसती गाडी त्याच रस्त्यावर फिरवा आणि गॅस सोडा-द्या करा. "ठक्" तरीही आली, तर दोष हिचचा नाही. मागच्या चाकाच्या हबमध्ये कपलिंग रबर असतात, ट्रॉली ओढून ओढून ते दबतात आणि त्यांच्या खाचेत जागा होते. चेन ढिली असली तरी हाच आवाज येतो. चेनची मोकळीक गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापात आणा, कपलिंग रबर बदला. माझ्याकडे हिच बदलायला आलेल्यांपैकी काही जण रबर बदलून घरी गेले आहेत. काम माझं गेलं, पण खरं ते हेच.

नुसती गाडी गप्प असेल तर आता हिचकडे या. यासाठी दोन माणसं लागतात. एकाने गाडीवर बसून दोन्ही ब्रेक धरायचे. दुसऱ्याने भरलेली ट्रॉली हाताने पुढे-मागे हलवायची, जोरात नको, झोका दिल्यासारखी. मग मोकळ्या हाताचं एक बोट प्रत्येक सांध्याच्या बाहेरच्या रेघेवर आडवं ठेवत जायचं, अर्धं बोट या तुकड्यावर, अर्धं त्या. कपलर आणि बॉल, बॉलचा नट आणि पट्टी, चौकोनी पाईपमधली पिन, हिचची चौकट आणि गाडीची चासी, असं एकेक. मोकळीक असेल तिथे बोटाखाली दोन तुकडे एकमेकांवरून सरकताना कळतात. कान फसतो, कारण पोकळ पाईपमधून आवाज कुठूनही कुठेही जातो. बोट फसत नाही. फक्त ते फटीत घालू नका, बाहेरच ठेवा.

बोटालाही कळलं नाही, तर सांधे एकेक करून गप्प करत जा. जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापा, ती ताणून एकाच सांध्यावर घट्ट गुंडाळा आणि तोच दोनशे मीटर रस्ता फिरा. आवाज तसाच असेल तर पट्टी सोडून पुढच्या सांध्यावर बांधा. जिथे बांधल्यावर आवाज बसला, तो दोषी. तुम्ही रबर सगळीकडे एकदम गुंडाळलंत, त्यामुळे दोषी कोण ते कळलंच नाही. शोधायला रबर उत्तम आहे, कायमची दुरुस्ती म्हणून ते वाईट.

वाईट का, तेही सांगतो, कारण ही चूक मी स्वतः करून बसलोय. माझ्या पहिल्या ट्रॉलीची पिन १२ मिलिमीटरची होती. ती वाजायला लागली तशी मी वर रबराची पट्टी ओढली आणि महिनाभर खूश होतो. पालशेतच्या उताराला एका सकाळी मागून धप्प आवाज आला. दांडा रस्त्यावर घासत होता, दांडा सुटला तर म्हणून बांधलेल्या साखळीने तेवढा धरून ठेवला होता. आंब्याच्या दोन पेट्या रस्त्यावर, आणि मी मधोमध उभा. घरी येऊन मोजलं तर पिनचं भोक अंड्यासारखं लांबट होऊन १५ मिलिमीटर झालेलं, आणि स्प्लिट पिन तुटून कधीच पडून गेलेली. रबराखाली महिनाभर हेच चाललं होतं, मला दिसलं नाही आणि ऐकूही आलं नाही.

आता मापं. व्हर्नियर नसेल तर लेथवाल्याकडे जाऊन बॉल मोजून घ्या. बाजारात तीन मापांचे बॉल फिरतात: ५० मिलिमीटर, दोन इंची म्हणजे ५०.८ मिलिमीटर, आणि पंधरा सुती, म्हणजे ४७.६ मिलिमीटर. पंधरा सुती बॉल आणि ५० चा कप अशी जोडी ऑनलाइन सामान मागवणाऱ्यांकडे बऱ्याचदा दिसते. दिसायला सारखी, पण मध्ये जवळपास अडीच मिलिमीटर हवा. ती वाजणारच, आणि एखाद्या दणक्याला कप बॉलवरून निघूनही येऊ शकतो. तो जोड ताबडतोब बदला, तिथे जुगाड नको. माप बहुतेक वेळा बॉलच्या डोक्यावर आणि कपलरच्या पाठीवर ठोकलेलं असतं, गंज खरवडून बघा. बॉल मोजताना दोनदा मोजा, एकदा आडवा, एकदा पुढून मागे. झिजतो तो पुढून मागे. ५० चा बॉल कुठेही ४९ च्या खाली आला असेल तर भंगारात टाका.

माप बरोबर असेल तर कपलरच्या पोटाखाली बघा. बऱ्याच कपलरना तिथे एक नट असतो, त्याने आतला जबडा बॉलला जवळ येतो. लॅच (कपलर बॉलवर अडकवणारी कडी) बंद असताना तो नट थोडा थोडा आवळत जा. लॅच हाताने, थोडा जोर लावून पूर्ण बंद झाली पाहिजे. बंद करायला हातोडी लागली तर जास्त आवळलंय, पाव फेरा सोडा. मग लॅचच्या भोकात पिन घाला, लॅच नुसती भरवशावर ठेवू नका.

चौकोनी पाईप आत-बाहेर बसणारा सॉकेट असेल तर "ठक्"चा मोठा भाग तिथला असतो. आतला पाईप बाहेरच्यात एक-दीड मिलिमीटर खेळतो. यावर माझा नेहमीचा इलाज स्वस्त आहे. बाहेरच्या पाईपला एक भोक बाजूने आणि एक खालून पाडायचं, त्यांवर १० मिलिमीटरचे नट वेल्ड करायचे आणि बोल्टने आतला पाईप समोरच्या कोपऱ्यात दाबून धरायचा. वर लॉक नट. पिन राहतेच, ओढ पिनने घ्यायची, बोल्टने फक्त हालचाल थांबवायची. पिनचं भोक लांबट झालं असेल तर वेल्डिंगने बुजवून परत पाडण्यापेक्षा लेथवर साफ करून बुश (आत बसणारी छोटी नळी) बसवून घ्या, पिन त्यात हाताने सरकेल पण डुलणार नाही इतपत. वेल्डिंग करताना सॉकेट गाडीवरून काढूनच करा. काढता येत नसेल तर निदान बॅटरीची वायर सोडा. फ्युएल इंजेक्शनची नवी गाडी असेल तर ईसीयूचा, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचा, कनेक्टरही काढा, नाहीतर आवाज जायचा आणि ईसीयूचा खर्च यायचा.

आणि हिच गाडीला कुठे धरलाय ते एकदा वाकून बघा. साडी गार्डला किंवा सामानाच्या कॅरिअरला वेल्ड केलेले हिच मी पाहिले आहेत. ते भाग ओढायला केलेलेच नाहीत. तिथे आवाज हा फक्त पहिला इशारा असतो, नंतर तडा दिसतो. हिचची चौकट दोन्ही बाजूंनी चासीला, शॉकअपच्या वरच्या जोडाजवळ आणि फूटरेस्टच्या बाजूला धरलेली हवी, नायलॉक नट (आपोआप न सुटणारे, आत नायलॉनची रिंग असलेले) लावून.

रबराला जागा आहे, पण ती सांध्याच्या वर नाही, आत आहे. दांडा मध्ये कापून दोन पट्ट्या समोरासमोर आणायच्या आणि मध्ये कडक पॉलियुरेथेनचे बुश घालून बोल्टने आवळायचं, म्हणजे इंजिनचे ठोके तिथे जिरतात. मऊ रबर घालू नका. मऊ रबराने ट्रॉली स्प्रिंगसारखी पुढे-मागे डोलते आणि ब्रेक मारल्यावर अर्ध्या सेकंदाने पाठीत धक्का देते. पण हे सगळ्यात शेवटी. मोकळीक काढल्याशिवाय बुश घातलात तर माझ्या पिनसारखं होईल.

किणकिण, खणखण असा पातळ आवाज असेल तर ती साखळी. तिच्यावर पाण्याचा जुना पाईप चढवला की गप्प होते. पाईपला खालून चिरा द्या, नाहीतर आत खारं पाणी साचून साखळी गंजते आणि वरून कळत नाही. दोन साखळ्या दांड्याखाली फुलीसारख्या टाका, दांडा सुटलाच तर त्या झोळीत पडतो. दांड्याचा पोकळ पाईप घुमतो म्हणून त्यात पुळणीची वाळू भरायची शक्कल एका गिऱ्हाइकाने केली होती. खारी वाळू, आत ओल. दुसऱ्या पावसाळ्यानंतर पाईप बोटाने दाबला तर आत गेला.

खाऱ्या हवेचा मुद्दा एकूणच मोठा आहे. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, वर समुद्राचा वारा, आणि तुमच्या ट्रॉलीवर मासळीचं पाणी. बॉल गंजला की खरखरीत होतो, खरखरीत बॉल कप खातो, आणि मोकळीक वाढत जाते. ग्रीस लावायचंच, पण थापायचं नाही. जाड थरावर पुळण आणि जांभ्याची लाल धूळ चिकटते आणि त्याचा पॉलिश पेपर होतो. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा, फडक्याने कोरडा करा आणि बोटाने पातळ हात फिरवा. कॅल्शियम ग्रीस पाण्याला जास्त टिकतं. ट्रॉली सोडल्यावर बॉलवर चीर दिलेला टेनिस बॉल बसवा, पोरांनी कौलावर घालवलेला चालतो.

एक आवाज मात्र नीट ओळखा, कारण तो कमी करायचा नसतो. खराब रस्त्याला काही नाही, पण तीव्र वळणावर गाडी कलली की एकदाच "कट्". किंवा दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या रॅम्पवर गाडी वर आणि ट्रॉली अजून खाली असते त्या क्षणी "कट्". तिथे कपलरची वळायची हद्द संपते आणि कपची कडा बॉलच्या मानेला आपटते. गाडी कलते, दोन चाकांची ट्रॉली कलत नाही, हा फरक बॉल थोड्याच मर्यादेपर्यंत सोसतो. दांड्याला फिरता सांधा हवा, पाईपमध्ये पाईप, आत ब्राँझचे बुश, दोन्ही टोकांना वॉशर. काहीजण जीपच्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस लावतात आणि झालं म्हणतात. पण क्रॉसचं कामच मुळी फिरणं पुढे पोहोचवणं आहे. गाडी कलली की तो ट्रॉलीलाही पिळणार. क्रॉस लावलात तरी मागे फिरता सांधा लागतोच. फिरता सांधा कोरडा पडला की वळणावर कर्र करतो, त्याला ग्रीस निपल ठेवा.

कागदांचं एका वाक्यात सांगायचं तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याला ट्रेलर हे वेगळं वाहन वाटतं आणि कलम ५२ गाडीत मनाने केलेल्या बदलांना आडवं येतं. तेव्हा बागेतल्या वाटेबाहेर नेण्याआधी रत्नागिरी आरटीओला विचारून घ्या. अपघात झाला तर विम्यावाला पहिलं हेच विचारतो. वेगाचं म्हणाल तर मी ट्रॉली मागे असताना चाळीसच्या वर जात नाही, रस्ता मोकळा असला तरी.

उद्या पहाटे पेटी वीतभर पुढे घेऊन या आणि काट्यावर किती दिसले ते कळवा. सोबत बॉलच्या डोक्यावरचं माप. ते पंधरा सूत निघालं, तर बाकी काही करू नका, नवा बॉल येईपर्यंत ट्रॉली घरीच राहू दे.